डावे, उजवे आणि बारमाही

माझं डोकं दुखत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण डोकं म्हटलं की समोरचा लगेच म्हणतो, "आमचंही दुखतं हो, उन्हात गेलं की." तुमचं दुखतं ते डोकं. माझ्या डाव्या डोळ्यामागे जे होतं त्याला दुखणं म्हणायचं, तर घराला आग लागल्यावर "आज जरा उकडतंय" म्हणायलाही हरकत नाही.

डॉक्टर याला क्लस्टर हेडेक म्हणतात. झटके झुबक्यानं येतात म्हणून. नाव ऐकून कुणाला वाटेल, द्राक्षं वगैरे असतील. माझा झुबका दोन वर्षांतून एकदा येतो, सात आठवडे मुक्काम ठोकतो, आणि त्या सात आठवड्यांत रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी हजेरी लावतो. नऊ नाही, अकरा नाही. डावा डोळा लाल होतो, पाणी गळतं, डावीच नाकपुडी वाहते, पापणी खाली येते, आणि कुणीतरी तापलेला स्क्रू-ड्रायव्हर बुबुळामागे घालून निवांत फिरवत बसतं. पाऊण तास. त्या पाऊण तासात मला बसवत नाही की निजवत नाही. मी चालते. माझं दुकान या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत साडेपाच पावलांचं आहे, हे मला त्यामुळेच माहीत.

दुकान किल्ल्यांचं आहे. किल्ल्या घासून देते, कुलपं दुरुस्त करते, आणि दार मागे लागून जी शहाणी माणसं घराबाहेर अडकतात त्यांना घरात घालते. हंगाम चालू असला की बरोबर चारला शटर अर्ध्यावर ओढायचं, गल्ल्यामागच्या ऑक्सिजनच्या नळकांड्याचा मास्क तोंडावर धरायचा आणि पंधरा मिनिटं जोरात श्वास घ्यायचा. मग चालायचीही वेळ येत नाही. पण हे नळकांडं मिळायला अकरा वर्षं लागली. त्या अकरा वर्षांत माझ्या दोन दाढा गेल्या, नाकाचं एक ऑपरेशन झालं, तीन चष्मे बदलले, आणि एका डॉक्टरनं अगदी मायेनं विचारलं, "घरी सासूबाईंशी पटतं ना?" मला सासूच नाही. मी लग्नच केलेलं नाही.

तर सांगायचं ते हे, की आमचा एक गट आहे. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमतो. वेळ अडीच ते साडेतीन, कारण तेवढ्या तासात कुणाचाच झटका येत नाही. ती वेळ शोधून काढायला चार बैठका लागल्या होत्या. खोलीत मधे वाट सोडून दोन्ही बाजूंना खुर्च्या. ज्यांचा डावा डोळा त्यांनी डावीकडे बसायचं, ज्यांचा उजवा त्यांनी उजवीकडे. ज्यांचा आजार माझ्यासारखा येऊन-जाऊन असतो ते हंगामी. ज्याला वर्षभर सुट्टीच नाही तो बारमाही. आमच्यात बारमाही एकच, त्या खालच्या मजल्यावरच्या ग्रंथपालबाई. उजव्या. गरीब बाई, तोंडातून शब्द निघेल तर शपथ.

नवीन माणूस आला की त्याची ओळखपरेड व्हायची. बाजू कुठली, वेळ काय, दिवसाला किती, किती मिनिटं, आणि शेवटचा प्रश्न, चालता की नाही? कारण मायग्रेनवाली माणसं अंधारात पडून राहतात आणि आपली माणसं चालतात, हे आम्हाला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. परेड मी घ्यायचे. मला कुणी नेमलं नव्हतं, पण मी विचारायला लागले आणि कुणी थांबवलं नाही. एकदा एक गृहस्थ आले, म्हणाले दोन्ही बाजूंनी दुखतं. मी दहा मिनिटांत निकाल दिला, "तुमचं हे नव्हे, चष्मा तपासा." त्यांनी तपासला, नंबर बदलला, दुखणं पळालं, आणि पुढच्या महिन्यात ते पेढे वाटायला आल्यासारखा चेहरा करून माझे आभार मानायला आले. तेव्हापासून माझी मान जी ताठ झाली ती झालीच.

आता आमच्या शेपटाबद्दल. शेपूट म्हणजे माझी धाकटी बहीण. मी जाईन तिथे मागे, म्हणून आईनं ठेवलेलं नाव. मला गोवर झाला तर तिला गोवर. माझा हात मोडला तर ही आठ दिवस गळ्यात फडकं अडकवून फिरली. आता ती चाळिशीची आहे, नवरा आहे, दोन मुली आहेत, आणि नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात चौदा वर्षं क्लॅरिनेट वाजवते. वाजवते म्हणजे काय, माझ्यासारखी सुराची वैरीणसुद्धा ऐकताना हातातलं काम विसरते. तरीही माझ्या लेखी ती शेपूटच.

पाच महिन्यांपूर्वी ती दुकानात आली. मी एका गोदामाची किल्ली घासत होते. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "ताई, मलाही तुझंच झालंय."

"काय माझं?"

"डोळ्यामागचं."

मी कानस थांबवली नाही. "बाजू?"

"उजवी."

"वेळ?"

"वेळ अशी नाही गं. सकाळी, दुपारी, कधीही. दिवसातून तीनदा तरी."

"चालतेस?"

"नाही. हलवतच नाही मला. न्हाणीघरात जाऊन बसते. फरशीला कपाळ लावून."

"मग हे माझं नव्हे," मी म्हटलं. "आणखी कुठे दुखतं?"

"वरच्या दातात जातं. सुळ्यात."

"बघ! दात आहे तो. दाताच्या डॉक्टरकडे जा."

"पण तुझ्याही दाढा त्यांनी..."

"माझ्या चुकून काढल्या. तुझा खरंच किडला असणार. लहानपणी गोळ्या कुणी खाल्ल्या, मी का तू?"

ती हसली. थोडा वेळ बसली, मुलींचं काहीबाही सांगितलं आणि गेली. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. मला वाटलं, बरं वाटलं असेल. उचलली जीभ लावली टाळ्याला, याला मी वैद्यकी समजत होते.

या महिन्यात, मंगळवारी, तिचा फोन आला. माझा हंगाम सुरू होऊन तिसरा आठवडा होता. "ताई, गुरुवारी चार वाजता दात काढणार. सुळा आणि त्याच्या शेजारचा. डॉक्टर नाही म्हणत होते, दात चांगला दिसतो म्हणाले, पण मीच मागे लागले. आता सहन होत नाही."

"पुढचे दोन? आणि वाजवणं?"

"वरचे दात टेकल्याशिवाय क्लॅरिनेट धरता येत नाही. जखम भरणार, नवे बसवणार, मग नव्यानं सवय करायची. सहा-सात महिने तरी गेले. व्यवस्थापक म्हणाले, तेवढे दिवस खुर्ची रिकामी ठेवता येणार नाही." मग म्हणाली, "दुखणं गेलं की झालं. तू म्हणालीसच ना, दात आहे."

मला तेव्हाच शंका आली, खोटं का बोलू. पण तोंडानं मी म्हटलं, "एकदाची ब्याद जाऊ दे." सुंभ जळतो, पीळ कुठला जळायला.

गुरुवारी गटात गेले. खोलीत तिघं होते: डावीकडे बसड्रायव्हर, हंगामी, सकाळी साडेआठवाला, त्याच्या मागे वकील, तोही डावा, आणि उजवीकडे एकट्या ग्रंथपालबाई. थोडा वेळ औषधांच्या गप्पा झाल्या. मग संपता संपता मी गंमत म्हणून सांगायला घेतलं.

"आमच्या बहिणीला आपला आजार हवाय," मी म्हटलं. "उजवा म्हणते. वेळ नाही, हंगाम नाही, पाच महिने अखंड चालूच. आणि चालत नाही, बसून राहते फरशीला कपाळ लावून! आता याला काय म्हणावं?"

वकील हसला. ड्रायव्हरनं हसावं की नाही ते ठरेना म्हणून खोकून घेतलं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "यात हसण्यासारखं काय आहे?"

त्यांचा आवाज आम्ही इतक्या क्वचित ऐकला होता की तिघांनीही वळून पाहिलं.

"अहो, बसून राहते ती," मी म्हटलं.

"मीही बसूनच राहते."

"तुम्ही? तुम्ही तर पहिल्या दिवशी चालते म्हणालात!"

"काय करणार? माझ्या आधीच्या माणसाला तुम्ही नुकतंच चष्म्याच्या दुकानात पाठवलं होतं." बाई शांतपणे बोलत होत्या, पण हाताची बोटं एकमेकांत घट्ट. "मला वीस वर्षांनी कुठेतरी बसायला जागा मिळाली होती. ती घालवायची नव्हती. मी कोशांच्या कपाटामागे जमिनीवर बसते. कपाळ कपाटाच्या पत्र्याला लावते. कुणी हलवलं तर किंचाळेन असं वाटतं."

"आणि रोज पावणेबाराला येतं म्हणाला होतात, ते?"

"एक दिवस आलं होतं पावणेबाराला. तुम्ही वेळ मागितलीत, मी दिली."

मी ड्रायव्हरकडे पाहिलं. आधारासाठी पाहिलं होतं, पण त्यानं खालच्या फरशा मोजायला सुरुवात केली. "आता विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो, किल्लीबाई," तो म्हणाला. "माझी बाजू बदलली. गेल्या हंगामापासून उजवीकडे येतं."

"मग इकडे कशाला बसलाय?"

"तुम्ही उठवाल म्हणून."

"मी? मी काय वाघ आहे?"

कुणीच नाही म्हणालं नाही. वकिलानं घसा साफ केला. "मला त्या नळकांड्याचा काडीचा उपयोग होत नाही," तो म्हणाला. "इंजेक्शन घेतो तेव्हा थांबतं. तुम्ही इतकं कौतुक सांगता, म्हणून मीही छान छान म्हणतो."

म्हणजे पहा. चार वर्षं मी ज्यांना एका साच्यातले समजत होते, त्यांतला एकही माझ्यासारखा नव्हता. नुसते माझ्या धाकानं माझ्यासारखे झाले होते. आणि हे कळायला मला बाहेरच्या ज्ञानाची गरजही नव्हती. एकाच कारखान्यातली शंभर कुलपं बाहेरून हुबेहूब सारखी असतात आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी असते. याच गोष्टीवर तर माझं पोट चालतं! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मला त्या क्षणी समोर दिसला.

"तिच्या डोळ्याला पाणी येतं?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"माहीत नाही."

"पापणी पडते?"

"माहीत नाही हो. झटका येताना मी तिला पाहिलेलंच नाही."

"मग चाललंय काय तिचं सध्या?"

"दात काढतेय. आज. चारला." आणि मग मला बाकीचंही बोलावं लागलं. "मीच सांगितलं, दात असेल म्हणून."

ग्रंथपालबाई उठल्या, मधली वाट ओलांडून माझ्याजवळ आल्या आणि उजव्या बाजूचा ओठ बोटानं वर केला. चार दात बसवलेले. "एक काढला, थांबलं नाही," त्या म्हणाल्या. "मग पुढचा काढला. दर वेळी वाटायचं, हाच असेल."

भिंतीवरच्या घड्याळात तीन अठ्ठावीस झाले होते.

मी शेपटाला फोन लावला. वाजत राहिला. दवाखान्याचा लावला, तर एक गोड आवाज पुन्हा पुन्हा सांगत होता की आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. "इतका महत्त्वाचा आहे तर उचला की मेल्यांनो," मी ओरडले. ड्रायव्हर तोवर किल्ली काढून उभा होता. "तुमचं नळकांडं दुकानात ना?" त्यानं विचारलं. "दुकान एका टोकाला, दवाखाना दुसऱ्या. चार-दहाला काय कराल?"

"चार-दहाचं चार-दहाला बघू. गाडी काढा."

आता हा माणूस सव्वीस वर्षं बस चालवतोय. त्याच्या स्वतःच्या गाडीत चार माणसं बसतात, पण सवय बसची. प्रत्येक थांब्यापाशी गाडी डावीकडे घेऊन हळू करायचा. एका थांब्यावर तर पूर्ण उभी केली आणि आरशात पाहायला लागला. "कोण चढतंय?" मी किंचाळले. "माफ करा, माफ करा," म्हणून पुढे निघाला. मी पायांनी गाडी ढकलायचीच बाकी होते. माझ्या दाढा गेल्या तेव्हा मला कुणी थांबवलं नव्हतं. कारण कुणाला माहीतच नव्हतं. इथे माहीत असलेली मी होते, आणि मीच तिला तिकडे धाडली होती. तोंडचं पाणी पळालं माझ्या.

जिना चढून आत घुसले तेव्हा चार वाजून सहा मिनिटं झाली होती. शेपूट खुर्चीत आडवं, गळ्याशी निळा कागद, डोक्यावर दिवा. दंतवैद्य, एक मऊ आवाजाचा जाडजूड माणूस, ट्रेमधून काहीतरी चकाकतं उचलत होता.

"ठेवा ते!" मी म्हटलं.

"आपण वेळ घेतली आहे का?" त्यानं विचारलं.

"दात काढला?"

"अजून नाही. भूल दिली आहे. आपण कोण?"

"ताई आहे माझी," शेपूट म्हणालं. अर्धा ओठ बधिर, शब्द एका कडेनं बाहेर येत होते. "ताई, तू कशाला आलीस? तुझी वेळ झाली."

"दात काढायचा नाही. दात नाहीच हा."

दंतवैद्यानं हत्यार खाली ठेवलं. "मी यांना तीन वेळा हेच सांगितलं, बाई. दात ठणठणीत आहे. पण यांच्या घरात कुणी जाणकार आहे म्हणे, ती म्हणते दातच आहे."

"ताईला या दुखण्यातलं सगळं कळतं," शेपूट त्याला समजावत म्हणालं.

 मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तेवढ्यात चार-दहा झाले.

माझं आलं की ते दाराबाहेर वाट पाहत नाही. डाव्या डोळ्यात सळई गेली आणि मी चालायला लागले. दंतवैद्याची खोली चार पावलांची. भिंत, खिडकी, भिंत, खिडकी. ट्रे पडला. तो माणूस बिचारा "बसा ना, बसून घ्या" म्हणत माझ्यामागे फिरत होता आणि मी त्याला जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. भिंतीपाशी वळले आणि पाहिलं, तर खुर्ची रिकामी होती.

शेपूट खाली जमिनीवर होतं. गुडघे पोटाशी, कपाळ खुर्चीच्या लोखंडी पायाला टेकवलेलं. हालचाल नाही, आवाज नाही. मी वाकून पाहिलं. उजवा डोळा लाल. पाण्याची धार. पापणी अर्धी खाली आलेली. उजवीच नाकपुडी वाहत होती. आपला स्वतःचा झटका आपल्याला कधी दिसत नाही, आरशात बघायची कुणाला शुद्ध असते? त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं मी कशी दिसत असेन ते. फक्त बाजू उलटी होती, आणि ती गप्प होती.

"पण हे शक्य नाही," दंतवैद्य म्हणत होता. "मी भूल दिली आहे. हातोडी मारली तरी त्या दाताला कळणार नाही. मग दुखतंय काय?"

"ऑक्सिजन!" मी ओरडले. "असेल ना तुमच्याकडे?"

होता. कोपऱ्यात, अडीअडचणीसाठी ठेवलेलं, खोळ घातलेलं एक छोटं नळकांडं. मास्क एक. त्यानं खोळ काढली, तोटी फिरवली आणि मास्क घेऊन माझ्याकडे धावला. आवाज मी करत होते ना. जी भिंतीवर डोकं आपटते तिच्याकडेच माणूस आधी धावणार.

"मला नको, तिला!" मी म्हटलं.

तेव्हा शेपूट डोळे न उघडता, त्या बधिर तोंडानं, एकेक शब्द वेचून म्हणालं, "ताईला द्या. तिचं खरं असतं."

मला आयुष्यात बरीच माणसं बरंच काही बोलली आहेत. नाटकी म्हणाली, हट्टी म्हणाली, लग्न करा म्हणजे बरं वाटेल म्हणाली. त्यातलं काहीही मला इतकं लागलं नाही. पाच महिने, दिवसातून तीन-तीनदा, ही फरशीवर बसून स्वतःला सांगत होती की आपलं खोटं आहे. कारण ताई तसं म्हणाली. आणि ताईनं ते सांगताना मान वर करून तिच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

मी मास्क हिसकावला आणि तिच्या तोंडावर दाबून धरला. "श्वास घे," मी म्हटलं. "जोरात. तुझं खरं आहे. ऐकतेस का गाढवे? तुझं खरं आहे! डॉक्टर, पूर्ण सोडा तोटी, काय थेंब थेंब देताय!" माझे पाय एका जागी राहीनात. एक हात तिच्या तोंडाशी आणि बाकीची मी तिच्याभोवती अर्धी फेरी डावीकडे, अर्धी उजवीकडे. शेवटी दंतवैद्यानंच मास्क धरला आणि मला मोकळं सोडलं. मग मी मन लावून चालले.

मला पंधरा मिनिटं लागतात. तिला बावीस लागली, आणि तरीही पूर्ण गेलं नाही, थोडं मागे राहिलंच. पण पापणी वर आली. तिनं कपाळ खुर्चीच्या पायावरून उचललं, मास्क काढून माझ्यापुढे धरला. काटा शून्यावर होता. नळकांडं संपलं होतं.

"आता तुझं काय?" ती म्हणाली.

"माझं पाच वाजायच्या आत आपोआप जाईल. तू बस."

"तू पण बस ना."

"मला बसवत नाही गं."

"बरं मग चाल," ती म्हणाली, आणि पाय जवळ घेऊन मला वाट करून दिली.

दंतवैद्य भला माणूस. त्यानं आमच्या डॉक्टरांना दीड पानाचं पत्र लिहिलं, त्यात "दात निर्दोष" या शब्दांखाली दोनदा रेघ मारली. त्या पत्रानं पुढचं लवकर झालं. तपासण्यांची तारीख मिळाली, आणि तोवर घरी ऑक्सिजन ठेवायची चिठ्ठी. ड्रायव्हर खाली गाडीत वाट पाहत होता. जिन्यात मी शेपटाला थांबवलं आणि म्हटलं, "माझं चुकलं." ती इतकी गडबडली की माझीच समजूत काढायला लागली, म्हणाली, असू दे गं, होतं असं. मी म्हटलं, असं होत नाही, मी केलं. मग आम्ही दोघी जिन्यात उभ्या राहून रडलो. तिच्या उजव्या आणि माझ्या डाव्या डोळ्याला तसंही आधीपासून पाणी होतंच, फक्त उरलेल्या दोघांची भर पडली.

सोमवारी सकाळी अकराला मी दुकानात होते. समोर एक गृहस्थ, त्यांची अर्धी किल्ली त्यांच्या हातात आणि अर्धी त्यांच्या कुलपात, ते कुलूप माझ्या पकडीत. फोन वाजला. शेपूट.

"ताई, आलंय," ती म्हणाली. "नळकांडं उद्या येणार आहे. तू काही सांगू नकोस. नुसती फोनवर राहा."

माझ्या जिभेवर चौदा सूचना होत्या. बर्फ लाव, खिडकी उघड, उठून चालून बघ. मी त्या सगळ्या गिळल्या. पलीकडून तिचा श्वास ऐकू येत होता, लांब, थरथरता. मी फोन कानाशी धरला आणि पकड खाली ठेवली.

गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. "बाई, जरा घाई होती हो मला," ते म्हणाले. "कोण आहे फोनवर?"

"माझी बहीण आहे," मी फोनवर हात ठेवून म्हटलं. "तिला आलंय. तुम्ही बसा, वेळ लागेल."